सुनावणी झाली, पुढे काय?

ट्रेडमार्कबद्दल आपल्याकडे जे काही सांगितलं जातं ते बहुतेक अर्ज कसा भरायचा इथेच संपतं. फार तर सुनावणीपर्यंत जातं. आमचं निम्म्याहून जास्त काम सुनावणीनंतर निघालं, म्हणून त्याबद्दलच लिहिते आहे. आधीचं थोडक्यात सांगते.

आम्ही वेंगुर्ल्याचे. आमसुलं, आगळ, आंबापोळी घरात सासूबाईंच्या काळापासून होते. लेबल लावून विकायला लागलो २०११ पासून. ब्रँडचं नाव इथे देत नाही, कारण मला जाहिरात करायची नाही. लेबल असं आहे: मधे नाव, खाली बारीक अक्षरात 'वेंगुर्ला', भोवती रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, फांदी. ट्रेडमार्कसाठी मालाचे क्रमांकाने वर्ग पाडलेले असतात आणि नोंदणी त्या वर्गापुरती होते. आम्ही अर्ज दोन केले. वर्ग २९ मध्ये आमसुलं, आंबापोळी आणि लोणची, वर्ग ३२ मध्ये कोकम सरबत. खरं तर दोन्ही वर्ग एकाच अर्जात घालता येतात आणि फीमध्ये काही फरक पडत नाही, कारण ती वर्गागणिकच असते. आमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी नोंद, असल्यामुळे ऑनलाइन ४,५०० रुपये वर्गाला, एरवी कंपनीला ९,००० पडतात. मग दोन वेगळे अर्ज कशाला, असं मी आमच्या ट्रेडमार्क एजंटला विचारलं. हा मुलगा कणकवलीचा, माझ्या भाच्याबरोबर शिकलेला. तो म्हणाला, "काकी, एका वर्गात भांडण लागलं तर दुसरा वर्ग कशाला त्यात अडकवायचा?" त्या वेळी मला तो जास्तीचा शहाणपणा वाटला होता.

२९ चा अर्ज लेखी उत्तरावरच पुढे सरकला. ३२ ला मात्र ट्रेडमार्क कार्यालयाच्या परीक्षण अहवालात दोन हरकती आल्या. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली, की 'वेंगुर्ला' हे गावाचं नाव आणि 'कोकम' हे मालाचं वर्णन, त्यावर एकट्याचा हक्क कसा सांगता? आणि कलम ११ खाली, की दुसऱ्या राज्यातल्या एका पेयांच्या कंपनीचं कानाला जवळचं वाटणारं नाव आधीच नोंदलेलं आहे. महिन्याच्या मुदतीत उत्तर दिलं, तेवढ्याने भागलं नाही आणि सुनावणी लागली.

सुनावणी व्हिडिओवर होती. मुंबईला अँटॉप हिलच्या कार्यालयात जावं लागेल म्हणून मी कोकणकन्याची तिकिटं बघायला लागले होते, त्याची गरज पडली नाही. बोलायचं काम एजंटचं, मुखत्यारपत्र त्याच्याकडे. मी नुसती बाजूला बसले होते. अधिकाऱ्यांनी हिंदीत दोनच गोष्टी विचारल्या: वापर कधीपासून आहे, आणि त्याचा पुरावा काय. कलम ९ वर फार चर्चा झालीच नाही. एजंटने सांगितलं, आम्ही लेबल पूर्ण मागतोय, गावाच्या नावावर वेगळा हक्क मागत नाही. कलम ११ वर त्याने दोन्ही लेबलं शेजारी ठेवून दाखवली आणि कलम १२ खाली प्रामाणिक समांतर वापराचा मुद्दा मांडला, म्हणजे दोघंही आपापल्या जागी सचोटीने आधीपासून विकत आले आहेत. चहा उकळेपर्यंत सगळं आटोपलं. शेवटी "कागदपत्रं आणि लेखी निवेदन अपलोड करा" एवढं सांगून अधिकारी पुढच्या प्रकरणाकडे वळले.

माझी जाऊबाई दारातच उभी होती. "झाला काय गो? गावला?"

गावला कसला! पण इथे एक गोष्ट सांगते. सुनावणीत तोंडी जे बोललं जातं ते बोलण्याबरोबर विरून जातं. पुढे निर्णय लिहायला बसतील तेव्हा अधिकाऱ्यांसमोर फाइल असते, आपला आवाज नसतो. म्हणून एजंटने त्याच संध्याकाळी लेखी निवेदन पोर्टलवर चढवलं. त्यात प्रत्येक हरकतीला एक परिच्छेद, आणि प्रत्येक परिच्छेदापुढे त्याला लागू पडणाऱ्या पुराव्याचा पान नंबर. "बोललो त्यातच सगळं आलं" म्हणून जे हे सोडून देतात त्यांचं नंतर काय होतं, ते त्याच्याकडे येणाऱ्या पक्षकारांवरून त्याला पाठ झालेलं आहे.

त्यानंतर काही दिवस काहीच घडत नाही. पोर्टलवर अर्जाचा क्रमांक टाकायचा, कॅप्चाची वेडीवाकडी अक्षरं ओळखायची, आणि स्टेटस तेच: 'रेडी फॉर शो कॉज हिअरिंग'. सुनावणी होऊन गेली तरी तेच दिसतं. एजंटने आधी सांगून ठेवलं नसतं तर सुनावणीची नोंदच झाली नाही असं वाटून मी घाबरले असते. त्याने पुढे होऊ शकणारे प्रकारही सांगितले होते. 'अ‍ॅक्सेप्टेड' म्हणजे स्वीकार, कधी अटीसकट. 'रिफ्यूज्ड' आलं तर नकाराची लेखी कारणं मागता येतात, एका महिन्यात त्याच कार्यालयाकडे फेरविचाराचा अर्ज टाकता येतो, आणि तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील. पूर्वी या अपिलांसाठी वेगळं मंडळ होतं, ते २०२१ मध्ये बंद झालं. मी हे सगळं कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं. नवऱ्याने ते वाचून विचारलं, "आता सरबत विकायसाठी हायकोर्टात जावचा?"

याच दिवसांत बाजारात एक शंका पुन्हा पुन्हा ऐकू यायची, ती इथे उरकून घेते. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला जी.आय., म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे, वेंगुर्ल्याच्या काजूला आहे, हापूसला २०१८ मध्ये पाच जिल्ह्यांसाठी मिळालं, मग तुला वेगळा ट्रेडमार्क कित्याक? जी.आय. हे मुलखाचं असतं. त्या मुलखातला जो कोणी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घेईल त्या प्रत्येकाचं. त्याने माझा माल शेजारणीच्या मालापासून वेगळा ओळखता येत नाही, ते काम ट्रेडमार्कचं. दोन्ही असावीत. एकावर भागत नाही.

आदेश आला तो एका साध्या ओळीत. हरकती मागे घेतल्या, अर्ज स्वीकारून जर्नलमध्ये प्रसिद्ध करावा, अट एक: 'वेंगुर्ला' आणि इतर वर्णनपर शब्दांच्या स्वतंत्र वापरावर हक्क राहणार नाही. अट वाचून घरात जरा कुरकुर झाली. मला ती योग्यच वाटली आणि अजूनही वाटते. उद्या बंदरावरच्या कोणी वेंगुर्ल्याचं नाव लावून सरबत विकलं तर त्याला अडवणारी मी कोण? माझं नाव आणि माझी मांडणी त्याने घेऊ नये, एवढंच.

ट्रेड मार्क्स जर्नल म्हणजे स्वीकारलेले अर्ज सगळ्यांना दिसावेत म्हणून कार्यालय काढतं तो अंक. तो दर सोमवारी निघतो. छापील नाही, वेबसाइटवर पीडीएफ, वर्गांप्रमाणे तुकडे केलेली. आमच्या अंकाचा वर्ग ३२ चा तुकडा मी मोबाइलवर उतरवला तेव्हा रेंज जाऊन दोनदा अर्धवट राहिला. शेवटी तो उघडला, आणि पाण्याच्या बाटल्या, बियर, सोडा, एनर्जी ड्रिंक यांच्या पानांतून खाली सरकत सरकत आमची रातांब्याची फांदी दिसली. काळ्यापांढऱ्यात. रंगाची मर्यादा न घालता अर्ज केला की तो सगळ्या रंगांसाठी धरतात, म्हणून ते तसं होतं. पानावर वर लेबल, मग अर्जाचा क्रमांक आणि तारीख, माझं नाव, घराचा पूर्ण पत्ता, एजंटचा पत्ता, वापर कधीपासून ती तारीख, कार्यालय म्हणून 'मुंबई', मालाचं वर्णन आणि सर्वांत खाली ती अट. मी अर्जाची प्रत शेजारी घेऊन एकेक अक्षर ताडून पाहिलं. हे प्रत्येकाने करावं. नावाचं स्पेलिंग किंवा वापराची तारीख चुकली असेल तर ती आत्ताच दुरुस्त करून घेणं सोपं.

पत्ता छापल्यामुळे मात्र त्या आठवड्यात फोन सुरू झाले. "मॅडम, आपका मार्क जर्नल में आया है, ऑपोझिशन आ सकता है, हमारा प्लॅन ले लो." एकाने तर सरकारी वाटेल अशा कागदावर बिल पाठवलं, कुठल्यातरी आंतरराष्ट्रीय नोंदवहीत नाव चढवायचे म्हणून पैसे मागणारं. खाली बारीक अक्षरात 'ही ऐच्छिक सेवा आहे'. जर्नल सगळ्या जगाला खुलं असतं, त्यावर ही मंडळी जगतात. स्वीकार झाल्यापासून प्रमाणपत्रापर्यंत सरकारकडे आणखी एक रुपयाही भरायचा नसतो, विरोध आला नाही तर. हे ठाऊक असलं की असले कागद चुलीत घालता येतात.

प्रसिद्धीच्या तारखेपासून चार महिने कोणीही विरोध नोंदवू शकतं. ही मुदत वाढत नाही, आणि विरोधकाने तीत केव्हाही अर्ज केला तरी चालतो. वर्ग २९ च्या बाबतीत चार महिने शांततेत गेले आणि स्टेटस 'रजिस्टर्ड' झालं. एजंटचं ते दोन वेगळ्या अर्जांबद्दलचं वाक्य मला तेव्हा पटलं, कारण ३२ ला मुदत संपता संपता विरोध आला. हरकतीत जिचं नाव होतं तीच कंपनी.

नोटीस ई-मेलने आली. बऱ्याच पानांची, इंग्रजीत, वकिली थाटाची. आपण किती जुने, किती राज्यांत विकतो, जाहिरातीवर किती खर्च करतो, आणि अर्जदाराने आमच्या नावलौकिकावर डोळा ठेवून दुष्ट हेतूने हे नाव घेतलं आहे. दुष्ट हेतू! सासूबाई असत्या तर आगळाच्या टोपात नोटीस बुडवली असती. एजंट म्हणाला, मनावर घेऊ नका, ही भाषा साच्यातली असते, प्रत्येक नोटिशीत हेच शब्द असतात. काळजी घ्यायची ती तारखेची.

तारखेचं प्रकरण असं आहे. नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत प्रतिनिवेदन, म्हणजे विरोधाला लेखी उत्तर, दाखल करावं लागतं, टीएम-ओ नावाच्या फॉर्मवर, ऑनलाइन २,७०० रुपये भरून. नाही केलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात. तिथे 'मी आजारी होते', 'मेल बघितली नाही' चालत नाही. आणि मेल पाठवली की ती मिळाली असंच नियम मानतात. म्हणजे सुनावणी जिंकून, जर्नलमध्ये छापून येऊन, विरोध कितीही पोकळ असला तरी केवळ एक ई-मेल न उघडल्यामुळे सगळं जाऊ शकतं. आपल्याकडे छोटे धंदेवाले अर्जात सायबर कॅफेवाल्याचा नाहीतर मुंबईच्या पुतण्याचा मेल आयडी देतात. पुतणा नोकरी बदलतो, आयडी बंद पडतो. आयडी स्वतःचा द्यावा आणि फोनवर त्याची घंटी चालू ठेवावी.

आमच्या दोन महिन्यांत नेमका मे आला. मे म्हणजे रातांब्यांचा हंगाम: अंगणात सालं वाळत टाकलेली, पिंपात मीठ आणि रस, चार बायका कामाला, पाऊस कधी येईल त्याचा नेम नाही. प्रतिनिवेदनात नोटिशीच्या परिच्छेदागणिक 'मान्य', 'अमान्य', 'माहीत नाही' असं उत्तर लागतं. ते एजंटने लिहिलं. पण पुढे पुरावा मागतील तेव्हा धावपळ नको म्हणून कागद आत्ताच काढा, असं त्याने सांगितलं. मग माळ्यावरची ट्रंक खाली आली.

काय उपयोगी पडलं ते सांगण्यासारखं आहे. सर्वांत जुना पुरावा निघाला तो कुडाळच्या छापखान्याचं बिल, लेबलं छापल्याचं, त्यावर लेबलाचा नमुनाही टाचलेला. मग एस.टी. पार्सलच्या पावत्या: मुंबईच्या दुकानदाराला पाठवलेल्या खोक्यांच्या, त्यावर तारीख आणि 'कोकम सरबत' असं हाताने लिहिलेलं. बचतगटांच्या प्रदर्शनात गाळा घेतल्याच्या पावत्या. अन्न परवान्याची नोंदणी, वर्षागणिक. छापील यंत्रातून निघालेली गुळगुळीत कागदाची बिलं मात्र पांढरी फटक पडली होती, तारीखसुद्धा वाचता येईना. तेव्हापासून असं बिल आलं की त्याची झेरॉक्स त्याच दिवशी काढते. फोटोंचा ढीगभर गठ्ठा होता, पण एजंटने त्यातले तीनच घेतले, ज्यात बाटलीबरोबर प्रदर्शनाचा फलक आणि वर्ष दिसत होतं. बाकीचे "छान आहेत" म्हणून परत दिले.

प्रतिनिवेदन वेळेत गेलं. त्यानंतर चेंडू विरोधकाच्या अंगणात. आमचं प्रतिनिवेदन मिळाल्यापासून दोन महिन्यांत त्याने शपथपत्रावर आपला पुरावा द्यायचा, किंवा नोटीस हाच आमचा पुरावा असं कळवायचं. काहीच केलं नाही तर त्याने विरोध सोडला असं धरतात. नियम दोघांनाही सारखाच, हे मला आवडलं.

या मधल्या काळात कंपनीकडून एक फोन आला. बोलणं गोड. तुम्ही लहान, आम्ही मोठे, भांडून काय मिळणार, नाव थोडं बदला, आम्ही लेबल छापायचा खर्च देऊ. एक क्षणभर मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, जे काय असेल ते मेलवर लिहून पाठवा, आमचा एजंट उत्तर देईल. मेल आली नाही. पुरावाही आला नाही. मुदत गेल्यावर एजंटने तसं कार्यालयाला लेखी कळवलं आणि विरोध सोडल्याचा आदेश द्यावा अशी विनंती केली. गप्प बसलं तरी तो आदेश कधीतरी होतोच, पण आपण लिहून दिलं की फाइल निदान कोणाच्या तरी टेबलावर येते, असं त्याचं म्हणणं.

कंपनीने पुरावा का दिला नसेल याबद्दल घरात तर्क खूप झाले. एजंटचा अंदाज मला पटतो: मोठ्या कंपन्या जर्नलवर पाळत ठेवणारे लोक नेमतात, ते जवळचं वाटेल अशा प्रत्येक नावाला विरोध ठोकतात. बरेचसे छोटे अर्जदार प्रतिनिवेदनच देत नाहीत आणि काम फुकटात होतं, हा त्यांचा हिशेब असावा. जो उत्तर देतो त्याच्यावर पुढचा खर्च करायचा की नाही ते मग ठरवतात.

शेवटी विरोध सोडल्याचा आदेश झाला आणि ३२ चीही नोंदणी झाली. प्रमाणपत्र टपालाने येत नाही. मेलवर पीडीएफ येते, पोर्टलवरूनही उतरवता येते. नोंदणी क्रमांक तोच, जो अर्जाचा. आणि नोंदणीची तारीखही अर्जाचीच धरतात, म्हणजे मधे गेलेला सगळा काळ हक्काच्या बाहेर जात नाही. दहा वर्षंही तिथूनच मोजायची. मुदतीच्या आधी वर्षभरात नूतनीकरण करता येतं, ऑनलाइन ९,००० रुपये वर्गाला. इथे लहान उद्योगाला सवलत नाही, कंपनीला तेवढेच आणि आम्हाला तेवढेच. दोन वर्गांचे १८,००० होतात, म्हणून त्याचं आवर्ती खातं आत्ताच उघडून ठेवलं आहे.

लेबल छापायला गेले तेव्हा छापखानेवाल्याने सुनावणी झाली होती तेव्हाचीच आठवण काढली. "वयनी, तेव्हा तुमी आर मारूक दिलास नाय. आता मारूचो मा?" गोलातला आर हा फक्त नोंदणी झालेल्या मार्काला. त्याआधी तो छापणं कायद्यात बसत नाही, टीएम मात्र अर्ज केल्यापासून, किंबहुना त्याच्याही आधी, लावता येतो. आमच्याकडे टीएमची लेबलं शिल्लक होती, ती संपेपर्यंत तीच लावली, त्यात काही बिघडत नाही. सुनेला आता लेबल नव्याने करायचं आहे, फांदी काढून नुसती अक्षरं. तिला सांगितलं, कर, पण त्याचा वेगळा अर्ज टाकू, आणि हे जुनंही कुठल्यातरी बाटलीवर चालू ठेवू. नोंदलेला मार्क पाच वर्षांहून जास्त वापरातच नसला तर कोणीही तो नोंदवहीतून काढून टाकायची मागणी करू शकतं.

आणि तोवर दुसरंच काम निघालं. बांद्याच्या पुढे महामार्गावर एका दुकानात आमचंच नाव, फक्त शेवटचं अक्षर फिरवलेलं, भोवती तीच फांदी, अशी सरबताची बाटली भाच्याला दिसली. एजंटने सांगितलं, भांडू नका, फोटो काढा, एक बाटली विकत घ्या आणि पक्कं बिल मागा. बाटली आणि बिल दोन्ही कपाटात आहेत. पुढच्या आठवड्यात नोटीस जाईल.